वाटीतले खडे

त्या उन्हाळ्यात माती लोण्यासारखी निघालीय, असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले होते. पुरावा म्हणून ते कोनाड्यातली पितळी वाटी काढून दाखवायचे. वाटी त्यांच्या वडिलांची. घरात जो चिखल तुडवतो, त्याची ती. तुडवताना तळपायाला जो जो खडा टोचेल तो वाकून काढायचा आणि वाटीत टाकायचा; दुसऱ्या कुणी वाटीला हात लावायचा नाही, हा त्या घरचा दंडक. पूर्वी एका ढिगाला वाटी शिगोशीग भरायची. त्या उन्हाळ्यात तिचा तळही झाकत नव्हता.

"चाळीस वर्षं तुडवतोय, पण अशी माती बघितली नाही," आबा म्हणायचे. ऐकणारा मान डोलवायचा. ऐकणाऱ्याचं काय जातंय?

घरात माणसं तीन. आबा चिखल तुडवायचे, मुलगा चाकावर बसायचा, आणि सून बाकी सगळं करायची. बाकी सगळं म्हणजे माती फोडणं, चाळणं, भिजवणं, घडलेल्या कुंड्या सावलीत वाळवणं, भट्टी रचणं, भट्टी लावणं, राख उपसणं. तिचा बाप शिंपी. नऊ वर्षांपूर्वी ती या घरात आली तेव्हा तिला ओली माती आणि शेण यांतला फरक कळत नाही, असं आबा गमतीनं म्हणायचे. गंमत तेव्हाच संपायला हवी होती, पण ती नऊ वर्षं चालली. तिला त्यांनी काही शिकवलं नाही. जे आलं ते तिनं बघून बघून उचललं.

रोपवाटिकेचं मोठं काम त्यांच्याकडे होतं. पाऊस लागायच्या आत सहाशे कुंड्या. रोपवाटिकेचा मालक, ज्याला सगळे रोपवाला म्हणत, जुना माणूस. पण आता त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या कुंड्या विकणारे रोज चकरा मारत होते, आणि तो ते लपवतही नव्हता.

पहिली भट्टी उघडली तेव्हा कुंड्या छान लाल दिसत होत्या. दोन दिवसांनी त्यांचे टवके उडायला लागले. चुनखडीचा बारीकसा खडा मातीत राहिला की भट्टीत तो भाजून निघतो, बाहेर आला की हवेतला ओलावा पितो, फुगतो आणि कुंडीच्या अंगातून टवका काढतो. तीन कुंड्यांमागे एक गेली. दुसऱ्या भट्टीत निम्म्या गेल्या. अंगणात बसलं की टक्, टक् असा आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाला मुलगा चाक थांबवून बघायचा.

तेवढ्यात रोपवाला टेम्पो घेऊन आला. त्यानं एक कुंडी उचलली, फिरवली आणि टवक्याच्या खळगीत बोट घातलं. खळगीच्या तळाशी पांढरा ठिपका होता.

"आबा, हे काय?"

आबांनी वाटी आणून दाखवली. पायाखाली खडाच नाही, तर कुंडीत येईल कुठून? चाळणीत दोष. सून हळूच म्हणाली, की चाळण जुनी झालीय, जाळी सैल पडलीय, तरी ती दोनदा चाळते. एवढंच म्हणाली. आबा रोपवाल्याकडे वळून हसले.

"नाचता येईना अंगण वाकडं," ते म्हणाले. "शिंप्याची पोर. सुईत दोरा ओवायचा सोडून आम्ही तिच्या हाती चाळण दिली, चूक आमचीच."

रोपवाला हसला नाही, पण त्यानं मानही हलवली नाही. मुलानं चाकाकडे तोंड फिरवलं. सून टोपल्यात फुटक्या कुंड्या भरत होती, ती भरत राहिली. त्या दिवसापासून ती माती तीनदा चाळायला लागली. तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, आणि पुढच्या ढिगात आबांच्या वाटीत दोनच खडे पडले. आबा म्हणाले, बघा, बोललं की कामं होतात.

खरं काय ते मातीतच होतं. एका सकाळी तुडवलेल्या ढिगातून गोळे काढताना सुनेला चिखलात तपकिरी रेघ दिसली. तिनं ती बोटावर घेतली आणि वास घेतला. मग झाडलेल्या अंगणावर उमटलेली आबांची पावलं बघितली. उजवं पाऊल कोरडं. डाव्या पावलात अंगठ्याच्या बुडाशी, चवड्यावर, पैशाएवढा ओला डाग. पाऊल पडेल तिथे डाग. तिनं विचारलं, तर आबा म्हणाले, पाणी असेल. त्या संध्याकाळी ते ओसरीवर बसले ते डावा पाय मांडीखाली घेऊन.

जखम पाच आठवड्यांची होती. कशानं झाली ते त्यांना माहीत नव्हतं; एके दिवशी धुताना दिसली, तेव्हाच बोटाचं पेर आत जाईल एवढी होती. त्यांच्या वडिलांनी जे केलं असतं तेच त्यांनी केलं: वस्त्रगाळ माती मळून जखमेत भरली आणि वरून चिंधी बांधली. मातीचं दुखणं मातीनंच जायचं. दुखत तर नव्हतंच. घोटा जरा सुजला होता, पण उन्हाळ्यात सुजतो माणूस. अंगात साखर आहे, हे दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरनं सांगितलं होतं, गोळ्याही दिल्या होत्या. त्या फळीवर होत्या, आठवल्या की आबा घेत. जे दुखत नाही ते बिघडलेलं नाही, असं ते धरून चालले होते. चाळीस वर्षं पायांनी त्यांना कधी दगा दिला नव्हता.

चिंधी धुवायला सापडली तेव्हा सुनेनं ती नाकापासून लांब धरली. मग ती नवऱ्याकडे गेली आणि म्हणाली, की उद्या दवाखान्यात पायांच्या डॉक्टरीणबाईंचा वार आहे, मी आबांना घेऊन जातेय, तू भट्टीकडे बघ. विचारलं नाही, सांगितलं. नऊ वर्षांत ती असं पहिल्यांदाच बोलली, म्हणून मुलगा हो म्हणाला. आबांनी बरेच आढेवेढे घेतले, आणि बस आल्यावर मुकाट्यानं चढले.

पायांच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्याशा, पन्नाशीच्या. त्या पेशंटपेक्षा खाली, चाकांच्या बुटक्या स्टुलावर बसत आणि समोरच्याचा पाय टॉवेलवर, आपल्या मांडीवर घेत. आबांनी दोनदा पाय मागे ओढला. बाईमाणसानं पाय मांडीवर घ्यायचा म्हणजे काय, त्यांचे कान तापले. बाईंनी लक्ष दिलं नाही. पिचकारीनं जखमेतली माती धुऊन काढली. पाणी पहिल्यांदा तपकिरी आलं, मग पिवळं, मग लाल. दुखतंय का, असं त्या दर थोड्या वेळानं विचारत होत्या, आणि आबा दर वेळी छाती काढून नाही म्हणत होते. चौथ्या वेळी बाई थांबल्या.

"न दुखणं ही काही चांगली बातमी नाही, आबा."

मग त्यांनी एक दांडी काढली. तिच्या टोकाला मासे धरायच्या गळाला असतो तसा नायलॉनचा जाड दोरा होता. डोळे मिटा, म्हणाल्या, दोरा तळपायाला लागल्याचं कळलं की हो म्हणा. आबांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं ते हो म्हणाले. मग पुन्हा हो. तिसऱ्यांदा जरा जोरात हो म्हणाले. खोलीत काहीच आवाज नव्हता.

"मी अजून दोरा लावलेलाच नाही," बाई म्हणाल्या.

आबांनी डोळे उघडले, मिटले. यानंतर बाईंनी खरंच दोरा लावला, दहा ठिकाणी, दोन्ही पायांना. समोर कागदावर पावलांचं चित्र होतं, त्यावर त्या फुल्या मारत गेल्या. फुलीचा पेनाचा आवाज आबांना ऐकू येत होता. दोरा नव्हता कळत. टाचेच्या मागच्या कडेला एकदा काहीतरी कळल्यासारखं वाटलं, पण आता हो म्हणायची हिंमत झाली नाही.

जखमेच्या कडेचा घट्टा बाई पात्यानं सोलत होत्या. पांढऱ्या चकत्या टॉवेलवर पडत होत्या. मध्येच पातं कशावर तरी कुरकुरलं. बाईंनी चिमटा घेतला, आत घातला, डोकं वाकवून बराच वेळ चाचपडल्या आणि काहीतरी ओढून काढून स्टीलच्या ताटलीत टाकलं. टण्ण वाजलं.

मुगाएवढा, तीन कोपऱ्यांचा, पांढरा खडा. चुनखडीचा.

तो हाताच्या तळव्यावर घ्यायचीही आबांना गरज नव्हती, लांबूनच त्यांनी ओळखला. असले खडे त्यांनी आयुष्यात घमेलीच्या घमेली काढले होते. हा कधी शिरला, असं बाईंनी विचारलं. आबांना सांगता येईना. हा खडा पायात घेऊन ते पाच आठवडे, सहा आठवडे, देव जाणे किती दिवस, नाचल्यासारखे चिखल तुडवत होते. आणि जे अंगात शिरलेलं कळलं नाही, ते पायाखालून गेलेलं काय कळणार होतं? माती लोण्यासारखी वगैरे काही निघाली नव्हती. पाय मेला होता. वाटी रिकामी राहिली, कारण खडे त्यांच्या पायाखालून सरळ कुंड्यांत गेले. त्यांनी सुनेकडे बघितलं. तिनं खडा बघितला होता. ती खिडकीबाहेर, सायकलींच्या रांगेकडे बघत होती, आणि तिच्या मांडीवर चिरा पडलेली बोटं एकमेकांत घट्ट धरलेली होती.

फोटो काढला, हाड शाबूत निघालं. आणखी पंधरा दिवस लावले असते तर अंगठा गेला असता, त्यापुढे लावले असते तर अर्धं पाऊल, हे बाईंनी कसलाही आव न आणता सांगितलं. गुडघ्याखालपासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं. दर आठवड्याला उघडून, साफ करून, पुन्हा घालायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि जखम भरेपर्यंत त्या पायावर भार द्यायचा नाही. उठता-बसता नाही, संडासला जाताना नाही, क्षणभरही नाही.

निघताना आबांनी ताटलीतला खडा मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. बसमध्ये दीड तास सून शेजारी होती. एक वाक्य बोलायचं होतं, फार मोठंही नव्हतं. जीभच उचलली नाही. ज्या जिभेनं चारचौघांत टोमणा मारला तिला एकट्यात एवढं जड काय होतं, कुणास ठाऊक.

पुढचे दिवस वाईट गेले. आबांची खुर्ची ओसरीवर, समोर स्टूल, स्टुलावर प्लास्टरचा पाय. मुलगा त्यांना बगलेत धरून संडासाला न्यायचा आणि दाराशी पाठ करून उभा राहायचा. अंघोळीला पायाला प्लॅस्टिकची पिशवी चढवायची आणि दोरीनं बांधायची. शेजारी येऊन विचारपूस करून जायचे, म्हणायचे, आता आराम करा, भरपूर केलंत. आबांना तो आराम शिवीसारखा लागायचा. प्लास्टरच्या आत काही होतंय की नाही तेही त्यांना कळायचं नाही. आपला पाय, आणि त्याची खबर दुसऱ्याकडून आठवड्यातून एकदा.

चिखल आता सून तुडवत होती. दुसरं होतंच कोण? कपडे गुडघ्यापर्यंत खोचून ती पहाटे ढिगावर चढायची. तिच्या मऊ तळपायांना पहिल्या आठवड्यात फोड आले, दुसऱ्या आठवड्यात ते फुटले. पण खडा लागला की ती थांबायची, वाकायची, काढायची. आबा ते मोजत नव्हते असं म्हणावं तर खोटं होईल. पहिल्याच ढिगात त्यांनी पन्नासापर्यंत मोजले आणि मग डोळे मिटून घेतले. पितळी वाटी कोनाड्यातच होती. सून तिला शिवली नाही. आपले खडे ती फुटक्या कुंडीच्या खापरात टाकत होती.

तिसऱ्या आठवड्यात आबांनी मूर्खपणा केला. सून ढीग कडेकडेनं तुडवत होती आणि मधला भाग कोरडा राहत होता. त्यांनी दोनदा सांगितलं. तिला कळेना नक्की कुठे. मुलगा सरपण आणायला गेलेला, ती पाणी आणायला वळली, आणि आबा खुर्चीचा हात धरून उठले आणि सरळ चिखलात शिरले. चाळीस वर्षांची खोड ती. चार पावलं टाकली. त्या चार पावलांत त्यांना बरं वाटलं, अगदी आतून बरं वाटलं. मग प्लास्टर भिजून मऊ पडलं, घोटा आत कलंडला आणि ते चिखलात बसले. सुनेनं हातातली बादली खाली ठेवली आणि ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

बुधवारी बाईंनी प्लास्टर उघडलं. जी जखम भरत येऊन नखाएवढी राहिली होती, ती पुन्हा फाटली होती.

"पाय तुमचा आहे, आबा, पण जखम माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या जखमेवर उभं राहायची परवानगी मी तुम्हाला दिली नव्हती. सहा आठवडे पुन्हा. आणि पुढच्या वेळी मी नाही, कापणारा डॉक्टर बघेल."

परत आल्यावर दोन दिवस आबांनी ओसरीवरून ढिगाकडे बघत काढले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला सांगून खुर्ची ओसरीवरून खाली, ढिगाच्या कडेला घ्यायला लावली, हातात एक लांब काठी घेतली, आणि सुनेला शिकवायला बसले. नऊ वर्षं उशिरा. टाचेनं दाब, चवड्यानं बाहेर लोट. कडेपासून गोल गोल आत ये, गोगलगायीच्या शंखासारखं. खडा लागला की पाय उचलू नको, उचललास की तो दडतो. पाय तिथेच ठेव आणि वाक. ते काठीनं जागा दाखवत, ती पाऊल टाकत असे. कधीकधी तीच सांगायची, की इथे खाली गार लागतंय, पाणी जास्त झालंय. आबांना ते दिसत नव्हतं. ते विचारायचे, किती गार? आणि ती काय सांगते ते कान देऊन ऐकायचे.

उन्हाळा सरत आला. ढग यायला लागले तेव्हा पहिल्या प्लास्टरला नऊ आठवडे होऊन गेले होते. एका बुधवारी बाईंनी प्लास्टर उघडलं आणि परत घातलं नाही. चवड्यावर गुलाबी, चकचकीत कातडी धरली होती, लहान मुलाच्या गालासारखी. बाईंनी पायाचा साचा घेऊन बनवलेले बूट आणले. काळे, रुंद, आत मऊ गादी. घरातसुद्धा हे घालायचे. घालण्याआधी आत हात फिरवून बघायचं. रोज रात्री आरशात तळपाय बघायचे, नीट दिसत नसेल तर घरच्या माणसाला दाखवायचे. अनवाणी चालायचं नाही. आबांनी चिखलाचं विचारलं. बाईंनी नुसती मान हलवली. या पायांना आता कळणार नाही, त्या म्हणाल्या, त्यांच्या वतीनं तुम्हालाच जपायला लागेल.

चिखल संपला म्हणजे काय संपलं, ते आबांना शब्दांत सांगता आलं नसतं. बसमध्ये ते बुटांकडे बघत बसले. पाय वाचला होता. तेवढंच वाचायला हवं होतं, आणि तेवढ्यानं भागत नव्हतं.

तोवर सुनेनं तुडवलेल्या मातीची भट्टी उघडून आठ दिवस झाले होते. कुंड्या अंगणात रांगेनं मांडलेल्या. आठ दिवसांत टक् असा आवाज तीनदा आला. दुसऱ्या दिवशी रोपवाला टेम्पो घेऊन आला, वाकून एकेक कुंडी फिरवत गेला, बोटानं वाजवत गेला. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन तो ताठ उभा राहिला.

"आबा, सुटलात," तो म्हणाला. "चाळण बदललीत वाटतं."

सून ढिगावर होती, पुढचा चिखल तुडवत. ती थांबली नाही. मुलानं चाकावरून मान वर केली. आबा काठी टेकत उठले. बूट नवे, पाऊल अजून बेतानं पडत होतं. ते कोनाड्यापर्यंत गेले, वाटी घेतली, अंगण ओलांडून ढिगाच्या कडेला आले. खापर तिथेच होतं, काठोकाठ भरलेलं.

"चाळण तीच आहे," ते म्हणाले. मग चाकावरच्या मुलालाही ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले. "चाळण तीच आहे. त्या दिवशी तुमच्यासमोर हिला बोललो. अंगण वाकडं नव्हतं. नाचणाऱ्याचा पाय मेला होता, आणि तो नाचणारा मी. हिनं तोंडातून ब्र काढला नाही."

रोपवाल्यानं उगाच एक कुंडी सरळ केली. सून थांबली होती. चिखल तिच्या पोटऱ्यांपर्यंत होता. ती आबांकडे बघत नव्हती, त्यांच्या बुटांकडे बघत होती. ते ढिगाच्या अगदी कडेला आले होते.

"मागे व्हा, आबा," ती म्हणाली. "ओलं आहे."

आबा एक पाऊल मागे झाले. मग त्यांनी खापर उचललं आणि त्यातले खडे वाटीत ओतले. वाटी भरली, शीग चढली, दोन-चार खडे बाहेर घरंगळले. त्यांनी सदऱ्याच्या खिशात बोटं घातली. मुगाएवढा, तीन कोपऱ्यांचा खडा काढून त्यांनी तो शिगेवर ठेवला, पडू नये म्हणून अंगठ्यानं दाबला, आणि हात लांब करून वाटी सुनेपुढे धरली.

"हा पण तुझाच," ते म्हणाले. "तू दवाखान्यात नेलंस म्हणून सापडला."

सुनेनं चिखलाचे हात कमरेला पुसले आणि वाटी घेतली.